रिकाम्या वाफ्याला पाणी

बिदरमधल्या आमच्या त्या गल्लीत कुणी नवीन भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात त्याला कुणीतरी बाजूला घेऊन सांगायचं, "त्या अक्का हायेत न्हवं, डोक्यानं जरा हलक्या हायेत. रिकाम्या मातीला पाणी घालत्यात."

मलाही सांगितलं होतं. सांगणारी समोरची पिठाच्या गिरणीवाली. मी म्हटलं, असू दे, खोली चांगली आहे.

आणि ते खरंच होतं. घरामागं परस होतं, तांबड्या दगडाच्या कुंपणभिंतीतलं. त्यात वांगी, मिरची, वाल, दोडका, चुका, अंबाडी, कढीपत्ता, एक लिंबू, एक शेवगा. पाय ठेवायला जागा नव्हती. पण मधोमध, जिथं ऊन सगळ्यात जास्त आणि हौद सगळ्यात जवळ, तिथला वाफा मोकळा. माती चाळलेली, शेणखत मुरवलेलं, कडेनं दगड लावलेले, आणि आत काही नाही. तण उगवलं तर त्याच दिवशी निघायचं. रोज सकाळी अक्का बाकीच्या झाडांना बादलीनं पाणी घालायच्या आणि या वाफ्याला शेवटी तांब्यानं, हात आडवा धरून, माती उडू नये असं.

मी मादन हिप्परग्याची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या रानात राबले. बी.एस्सी.ला बिदरच्या कॉलेजात नाव लागलं, म्हणून खोली शोधत अक्कांच्या दारात गेले. अक्कांनी मार्क विचारले नाहीत, जात विचारली नाही. म्हणाल्या, "हात दाव."

मी दाखवले.

"रानात काम केलीस?"

"केलंय."

"मग शिकायला कामून आलीस?"

"रानात काम केलंय म्हणूनच."

त्या हसल्या. पुढचे दोन दात त्यांचे जरा बाहेर होते, हसल्या की पोरगी वाटायच्या. "ऱ्हा," म्हणाल्या. "पण माझे कायदे हायेत."

पहिला कायदा पाण्याचा. भांड्याचं पाणी मोरीत सोडायचं नाही, बादलीत धरायचं. ते केळीला आणि अळूला. भांडी राखेनं घासायची. आम्ही भाड्यानं राहणाऱ्या पोरी चोरून साबण वापरायचो, तर अक्का बादलीवर वाकून वास घ्यायच्या, आणि परसातून आवाज यायचा, "कोण गं ती, माझ्या अळूला आंघोळ घालायली?"

दुसऱ्या कायद्याचं कारण तेव्हा आम्हाला कळलं नाही. घरात कसलंही बी भाजायचं नाही.

माझ्या खोलीत भालकीकडची एक पोरगी होती. एकदा पावसाचं तिनं कढईत शेंगदाणे टाकले. वास सुटला तसा अक्का ओल्या हातानं धावत आल्या, गॅस बंद केला आणि कढईवर ताट झाकलं.

"माझ्या घरात बी भाजायचं न्हाई म्हणलं होतं का न्हाई?"

"अक्का, शेंगदाणे हायेत. बी कुठलं?"

"शेंगदाणा बी न्हाई तर काय दगड हाय?"

भालकीची तोंड फुगवून बसली. तासाभरानं अक्कांनी तिच्यापुढं मीठ घालून उकडलेल्या शेंगांचं ताट आणून ठेवलं आणि स्वतःच सोलून सोलून तिच्या हातावर देत बसल्या. आता बिदरकडं शेंगाचटणीशिवाय कुणाचं घर चालतं का? पण अक्कांच्या घरी चटणी यायची ती गिरणीवालीकडून, वाटीभर. भाजायचं पाप तिच्या माथ्यावर.

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय आहे म्हटल्यावर एक दिवस त्यांनी मला विचारलं. वालाच्या वेलाला काठी बांधत होत्या, माझ्याकडं पाठ होती.

"बाई, एकदा भाजलेलं बी पुन्हा जिवंत होतंय का गं? काई औषध निघालंय का तुमच्या पुस्तकात?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "न्हाई अक्का. भाजलं की आतला कोंब मरतो. त्याला औषध न्हाई."

"हां," म्हणाल्या. काठीची गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. "मला वाटलंच."

त्यांच्या परसात कुठलंच झाड विकतचं नव्हतं. प्रत्येक बी कुणाच्या तरी घरून आलेलं, आणि झाडाला नाव त्या घराचं. वांग्यांना त्या वांगी म्हणत नसत. "मन्नाएखेळ्ळीवाल्या" म्हणायच्या, कारण ती त्यांच्या मोठ्या जावेच्या माहेरून आली. आणि जिथून झाड आलं, त्या घरची भाषा त्याच्याशी बोलायची. मन्नाएखेळ्ळीवाल्यांशी कन्नड. "बेळी तायी, बेळी," म्हणजे वाढ गं माय, वाढ. लिंबाचं रोप कापडाच्या दुकानवाल्या मियाँच्या घरून आलेलं, त्याच्याशी दख्खनी. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, "क्या रे मियाँ, इत्ते दिनां हो गए, एक निंबू भी नै? शरम है क्या?" कढीपत्ता औरादकडच्या एका तेलुगू बाईनं दिलेला. अक्कांना तेलुगूतले दोनच शब्द येत, तेच रोज, "रा तल्ली, रा," म्हणजे ये गं माय, ये. वाल तेवढा माहेरचा, त्याला मात्र मराठीतून शिव्या.

मी एकदा विचारलं, "अक्का, झाडाला काय कळतंय कन्नड का मराठी?"

"तुला हॉस्टेलात टाकलं आन् कुणीच तुझ्या बोलीत बोललं न्हाई, तर तू जेवशील का?"



मग या रिकाम्या वाफ्याशी त्या कुठल्या भाषेत बोलायच्या, तर कुठल्याच नाही. तिथं त्या गप्प.

कुणी बी मागायला आलं की अक्का कधी नाही म्हणायच्या नाहीत. पण देण्याआधी त्यातलं एक बी दाताखाली धरायच्या. चावायच्या नाहीत, नुसतं दाबायच्या. कच्चं बी दाताला लवतं. भाजलेलं किंवा पार वाळून गेलेलं कट्ट करून फुटतं. एक झालं की दुसरं, मग तिसरं. घेणारी बाई पदर पसरून ताटकळत उभी. "अक्का, शेजारच्या गल्लीतून आलेय, विलायतेला जायचं न्हाई मला," असं कुणी म्हणालं तरी अक्कांचं चालूच. आम्ही पोरी नक्कल करायचो, चहाबरोबर बिस्कीट आलं की दाताखाली धरून मान हलवायचो. त्यांनी पाहिलं होतं एकदा. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

त्यांचा मुलगा हैदराबादला कंपनीत होता. सून मनानं चांगली. एका दिवाळीला आली, सासूबाईंना मदत करावी म्हणून सकाळी लवकर उठली आणि त्या मोकळ्या वाफ्यात धणे पेरले. मला कौतुकानं सांगत होती, "एवढी चांगली जागा आईंनी वाया घालवली होती बघ."

अक्का अंघोळ करून आल्या. ओळीनं दाबलेली माती बघितली. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्यांनी नेहमीसारखा तांब्या घेऊन पाणी घातलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत, पोट बरं नाही म्हणाल्या. सून गेली. कोथिंबीर उगवून बोटभर झाली. मग अक्कांनी एक-एक रोप मुळासकट काढून जुन्या डब्यांमध्ये लावलं, एकही मरू दिलं नाही, आणि माती पुन्हा चाळून वाफा होता तसा मोकळा केला. डबे सुनेकडं हैदराबादला धाडले. सून फोनवर म्हणाली, "आई, तुमचा हात किती चांगला हो." गल्लीनं मात्र पक्कं केलं की अक्का गेल्या कामातून.

गल्लीला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती एका वाक्यात संपायची. अक्कांना एक लेक होती, तिनं आपल्या मनानं लग्न केलं, बापानं "ती मला मेली" म्हटलं आणि उंबरा बंद केला. बाप वारला, तरी लेक आली नाही. भाऊ तिच्याशी फोनवर बोलायचा, पण आईचं नाव निघालं की ती फोन ठेवायची. आज सगळ्यांच्या हातात फोन आहे. पण लावायच्या आधी काय बोलायचं ते तरी ठाऊक पाहिजे.

बी.एस्सी. झालं, त्याच खोलीत राहून बी.एड. झालं, आणि मला मराठी शाळेत नोकरी लागली. ऑर्डर घेऊन मी आधी अक्कांकडं गेले, कारण आमच्या घरी ती वाचणारं कुणी नव्हतं. अक्का हौदाजवळ होत्या.

"कुठं टाकलं गं तुला?"

"ठाणाकुशनूर."

तांब्या त्यांच्या हातातच राहिला. मग त्या मोकळ्या वाफ्याच्या दगडावर बसल्या, आणि मलाही बस म्हणाल्या. त्या दगडावर त्या कधी कुणाला बसू द्यायच्या नाहीत.

"माझी लेक तिथं हाय," म्हणाल्या. "गेली त्या दिवशी सकाळी ती मागच्या दारानं आली होती. ह्यांना कळलं असतं तर दोघींचे पाय मोडले असते. पर लेकीला रिकाम्या ओटीनं कसं धाडू? फळीवरचा डबा काढला, डांगराचं बी, लाल भोपळा गं. ओंजळभर तिच्या पदरात घातलं. आपल्यात रीतच हाय न्हवं, लेकीनं माहेरचं बी न्यायचं, आन् पहिल्या पिकाचं बी घेऊन माहेरी यायचं. म्हणलं, तुझ्या घरचं बी घेऊन ये, हितं लावू. हाच वाफा दावला. ती हसून गेली बघ. रडत न्हाई, हसून."

अक्कांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"संध्याकाळी ह्यांनी चघळायला बी मागितलं. ह्यांना सवय होती, चहाबरोबर डांगराच्या भाजलेल्या बिया. मी डबा पुढं केला. ह्यांनी दोन तोंडात टाकल्या आन् थुकल्या. म्हणाले, 'हे कच्चं हाय.'"

मला कळायला एक क्षण लागला. अक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"दोन डबे होते बाई. सारखेच. एक पेरायचा, एक खायचा. मी माझ्या लेकीच्या ओटीत मेलेलं बी घातलं."

"मग सांगून कामून धाडलं न्हाई, अक्का?"

"ह्यांच्या देखत कुणाच्या हाती सांगू? आन् हे गेले तवर लय वर्षं झाली. चूक माझी. मग बोलावणं कुठल्या तोंडानं धाडू? ती आलीच तर वाफा कोरडा नको, एवढंच माझ्या हातात हाय."

"मी सांगते तिला."

त्या उठल्या, पदर झटकला. "तू पोरांना शिकवायला जायलीस. शिकव." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "तिथल्या मातीत डांगर येतंय का, बघ तेवढं."

ठाणाकुशनूरला लेक शोधावी लागली नाही. तिचा पोरगा माझ्याच वर्गात होता. तेच पुढचे दोन दात. मी तिच्या घरी गेले. अंगण काळ्या मातीचं, तिथंही सगळं लावलेलं. दोडका, वाल, मिरची. डांगर तेवढं नव्हतं.

मी अक्कांचं नाव काढलं तशी ती उठून भांडी आवरायला लागली. म्हणाली, "त्यांचं-माझं काय ऱ्हायलं न्हाई, बाई. मी ते बी पेरलं होतं. रोज बघायची. एक उगवंना. मग सासूनं एक उकरून काढलं, दातानं फोडलं आन् म्हणाली, भाजलेलं हाय. तुझ्या आईनं निरोप धाडलाय तुला, की तुझा वेल वाढू नये आन् तू परत येऊ नये."

"चुकून गेलं ते. दोन डबे होते."

मी सगळं सांगितलं. संध्याकाळी बापानं थुकलेलं बी, उकडलेल्या शेंगा, दाताखाली धरलेल्या बिया, धणे. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. वाफ्याचं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अजून पाणी घालती?"

"रोज."

ती खाली बसली. बराच वेळ पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

मी म्हटलं, "उद्या रविवार हाय. माझ्याबरोबर चला. सकाळच्या गाडीनं."

आणि इथं त्या दोघी मायलेकी आहेत हे मला पटलं. ती म्हणाली, "रिकाम्या ओटीनं कशी जाऊ? पाऊस पडलाय. बी लावते. पिकलं की त्याचं बी घेऊन जाते."

मी भांडले. शिकलेली बाई, मला राग आला. "अहो, बाजारात डांगर मिळतंय! एक कापा, बी काढा, चला."

"बाजारचं बी माझ्या घरचं हाय का?" ती म्हणाली. "तिनं एवढी वर्षं वाफा मोकळा ठेवला, आन् मी बाजारचं नेऊन टाकू?"

तिनं शेजारणीकडून बी आणलं, त्याच आठवड्यात लावलं. मी शाळेतून येता-जाता बघायची. वेल कुडावर चढला, पिवळी फुलं आली, एक फळ धरलं. दसऱ्याच्या सुट्टीत मी बिदरला गेले. लेकीनं बजावलं होतं, आईला काही सांगू नका, पिकलं नाही तर? म्हणून मी एवढंच म्हटलं, "अक्का, तिथल्या मातीत डांगर येतंय."

त्या सकाळी अक्कांनी वाफ्याला दोन तांबे पाणी घातलं.

दिवाळीनंतर अक्कांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्कांच्या मुलाचा फोन आला तशी मी लेकीकडं धावले. ती अंगणात त्या फळापाशी उभी होती. देठ अजून हिरवा होता. हिरव्या देठाचं फळ काढलं तर बी पोकळ निघतं, हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. तिनं देठाला हात लावला, काढून घेतला, पुन्हा लावला. नुसतं भेटून या म्हणून मी विनवलं. ती म्हणाली, "मी हात हलवत गेले तर ती काय समजंल? की ह्या खेपेलाही उगवलं न्हाई." त्या फळासाठी आम्ही थांबलो. अजूनही मला ते पटत नाही आणि अजूनही त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

येळवशीला ती आली. आमच्या भागात येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस, त्या दिवशी सगळं गाव रानात जाऊन जेवतं. अक्कांना रान नव्हतं, म्हणून त्या दरवर्षी परसातच तुरीच्या वाळल्या काड्यांची झोपडीसारखी खोप करायच्या, पाच दगडांना चुना लावून पूजायच्या, आणि सगळ्या गल्लीला पाळीपाळीनं सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबील वाढायच्या. त्या वर्षी खोप मुलानं बांधली, वाकडी. अक्कांची खाट उन्हात, वाफ्याशेजारी आणून ठेवली होती.

लेक मागच्या दारानं आली. पुढचं दार उघडं होतं, तरी मागच्या.

दोघींपैकी कुणी रडलं नाही. लेक खाटेवर बसली, पदराची गाठ सोडली आणि अक्कांच्या डाव्या हातावर बी ओतलं. अक्का नुसत्या बघत राहिल्या, बियांकडं, मग तिच्या केसांकडं. ते अर्धे पिकले होते. मग लेकीनं एक बी उचलून त्यांच्या ओठांना लावलं. सून घाबरून म्हणाली, "ताई, नको, त्यांना गिळता येत नाही." अक्कांनी ते बी चांगल्या बाजूच्या दाताखाली घेतलं आणि दाबलं.

"क... च्चं," म्हणाल्या.

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. मुलाला वाटलं, भज्जी कच्ची आहे म्हणतायत.

"व्हय आई," लेक म्हणाली. "कच्चंच हाय."

एवढंच त्या बोलल्या. लेक लगेच वाफ्यात माती उकरायला लागली, तर अक्का हात हलवून नाही-नाही करू लागल्या, आभाळाकडं बोट दाखवू लागल्या. थंडीत डांगर येत नाही. मिरगात लाव, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग लेक दर आठवड्याला यायची, ठाणाकुशनूरहून बिदरपर्यंत, आणि खाटेवरून अक्का बघत असताना त्या रिकाम्या वाफ्याला तांब्यानं पाणी घालायची. हात आडवा धरून. गिरणीवाली म्हणाली, "आईचं येड लेकीला लागलं." पण डोळे पुसत म्हणाली.

अक्का वैशाखात गेल्या. मिरग दारात आला होता.

लेकीनं बी लावलं. मुलानं घर विकलं नाही, किल्ली बहिणीकडं दिली. वेल हौदावरून गेला, खाटेची जागा झाकली, अक्कांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोहोचला. आतून बघणारं कुणी नव्हतं. पहिल्या फळाला लेकीनं अक्कांच्या लुगड्याची चिंधी बांधली, बियासाठी राखलेलं, कुणी तोडू नये म्हणून.

ते पिकलं तेव्हा तिनं मला बोलावलं. मी गेले. मलाही आता औरादला भाड्याचं घर आहे, मागं थोडी जागा आहे. तिनं डांगर फोडलं, बी धुतलं, उन्हात सुपावर वाळवलं. संध्याकाळी मला म्हणाली, "पदर पसर. आईची तू पण लेकच की."

मी पदर पसरला. तिनं ओंजळ भरली, आणि ओतायच्या आधी थांबली. त्यातलं एक बी उचलून तिनं दाताखाली धरलं. मग दुसरं. मग तिसरं. मी पदर तसाच धरून ताटकळत उभी राहिले.